काखेतलं दूध

सुम्बुलच्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि का होऊ नये? बाळंत होऊन आठवडाही झाला नव्हता. छाती दुधानं ठणकत होती आणि तिची लेक पलीकडच्या खोलीत पावडरीच्या बाटलीवर रडत होती. आईचं दूध पाजायचं नाही, असा हुकूम थेट कुवेतहून सुटला होता.

झालं होतं असं, की दूध उतरलं आणि तिच्या दोन्ही काखांत लिंबाएवढ्या गाठी आल्या. नवऱ्यानं, फुरकाननं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवला. बायकोच्या काखेचा फोटो! तो त्यानं कुवेतला आपल्या खोलीत राहणाऱ्या मुसैबला दाखवला, का तर मुसैब तिकडच्या इस्पितळात कामाला. काम काय, तर ट्रॉल्या ढकलायचं. त्या दीडशहाण्यानं फोटो बोटांनी मोठा केला आणि कॅन्सर ठरवून मोकळा झाला. वर म्हणाला, पाजू नका, पोरीच्या अंगात उतरेल.

"फुफी, पोरीला आणा माझ्याकडं," सुम्बुल दिवसातून दहादा ओरडायची.

महरुन्निसा तिची सासू, आणि त्याआधी सख्खी फुफी, बापाची बहीण. हिच्याच मांडीवर सुम्बुल लहानाची मोठी झाली. आता तीच फुफी नात उचलून दाराआड बसायची. "नको गो बाय. फुरकान सांगतो ना," एवढंच म्हणायची, आणि नजर चुकवायची.

पावडर पोरीला मानवेना. प्यायली की ओकायची. तिचे गाल बसलेले दिसले तेव्हा सुम्बुल भिंतीला धरून उठली आणि दिराला, अजमलला म्हणाली, "महाडला डॉक्टरकडं नेता, का हायवेनं चालत जाऊ?" अजमलनं कुरकुर करत टेम्पो काढला. फुफी पोरीला घेऊन सोबत आली.

डॉक्टर प्रियदर्शिनींनी सोनोग्राफी केली, मग काख हलक्या हातानं चाचपली. कातडीवर पांढरा थेंब आला.

"हे दूध आहे," त्या म्हणाल्या. "स्तनासारखीच जादा ग्रंथी आहे ही. जन्मापासूनच असते. पुष्कळ जणींना असते, काही घराण्यांत जास्त. दूध उतरलं की फुगते आणि दुखते."

"मंग कापायची?" फुफीनं विचारलं.

"आता मुळीच नाही. गार पाण्याच्या घड्या ठेवा, पिळू नका. हळूहळू बसेल. लाल झाली, ताप आला तर लगेच या. पाजणं थांबल्यावरही त्रास राहिला तर ऑपरेशन करून काढता येते, पण व्रण राहतो, हात काही दिवस आखडतो. त्रास नसेल तर काढायचं कारण नाही. मात्र छातीला होणारे आजार इथंही होऊ शकतात. पुढं कधी कडक गाठ हाताला लागली तर दाखवायला यायचं."

"आनि पाजलं तर पोरीला काय व्हतं?"

"पोट भरतं."

सुम्बुलनं फुफीच्या हातातून पोर जवळजवळ हिसकावली आणि तिथंच छातीला लावली. पोर अशी तुटून पडली की सुम्बुलला रडू फुटलं, आणि रडता रडता ती कडाडली, "ऐकलंत? त्या ट्रॉलीवाल्याच्या शब्दावर माझी पोर उपाशी मारत होता तुम्ही!"

फुफीचा हात पदराखालून स्वतःच्या काखेत गेला होता.

"मला पन हाय," ती म्हणाली. "हुमेराच्या येळंला आली."

"कोण हुमेरा?"

"माझी पयली. तुमाला कुनाला सांगितलं नाय. बाया बोलल्या, काखेत दूध येतंय, बिघडलेलं हाय. माझी छाती बांधली. तिला शेळीच्या दुधात पानी घालून पाजलं. दोन महिने पन नाय काढले तिनं. मंग फुरकान झाला. तवा मी काखा कुनाला दावल्या नाय. गुपचूप पाजला."

"म्हणजे ठाऊक होतं तुम्हाला! तो धडधाकट वाढला, तरी माझ्या पोरीला—"

"भ्याले गो. त्यो कॅन्सर बोलला. वाटलं, तवा बायाच खऱ्या असतील, फुरकान नशिबानं वाचला असंल."

सुम्बुलला तिची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखीच चीड आली. तिनं एका हातानं फुरकानला फोन लावला आणि फुफीसमोर धरला.

"सांगा त्याला. मला सांगितलंत तसं, सगळं."

"त्याला कशाला? त्याला बहीन व्हती, ह्येच म्हाईत नाय."

"म्हणूनच."

पलीकडून फुरकान विचारत होता, कॅन्सरच निघाला ना? मुसैब बोलला तेच ना? महरुन्निसानं फोन घेतला. तिचा आवाज चढला.

"गप ऱ्हा, फुरकान. आनि त्या मुसैबला पन बशीव तुज्याजवळ. त्यानं बी ऐकू दे. तुला एक बहीन व्हती. आमी उपाशी मारली तिला."