पडद्यावरचा भिमा

"कुणाला पटणार न्हाय बिरदेवा, पर डोळ्यानं बघितलंय म्हणून सांगतो," आप्पासाहेबांनी बशीतला चहा भुरकला. "मेलेला माणूस माझ्या शेडात अजून कामाला हाय."

लासुर्ण्याहून ट्रॉली न्यायला आलेला बिरदेव पुढं सरकला. आप्पा बोलायला लागले की त्यांचा ट्रॅक्टर रस्ता सोडून शेतातनंच पळायचा, हे सगळ्या बारामतीला ठाऊक. पण कोपऱ्यात कॉम्प्युटरपुढं बसलेल्या वृषालीचा माउसवरचा हात थांबला. हे भिमावर येणार, तिला कळलं.

आप्पांच्या शेडात डंपिंग ट्रॉल्या बनत, पण त्यांचं डिझाइन कधी नव्यानं होत नसे. कॉम्प्युटरवर जोडून ठेवलेली अख्खी ट्रॉली, म्हणजे जुनी तयार असेंब्ली उघडायची, लांबी-रुंदी बदलायची, की नवी ट्रॉली उभी. त्या असेंब्लीत माल ओतताना उघडणाऱ्या मागच्या फाळक्याजवळ एक माणूसही असे. फाळक्याचा खटका काढायला हात पुरतो का ते बघायला वेल्डर भिमाची टेपनं मापं घेऊन तो बसवलेला. भिमा चेष्टा करायचा, "पडद्यावर बी मीच, हितं बी मीच. पगार दोघांचा द्या!"

मग इंदापुरात आप्पांच्याच एका ट्रॉलीचा खटका काढताना फाळकं उसळून त्याच्या छातीवर आलं. माणूस गेला. पडद्यावरचा तसाच राहिला. प्रत्येक नव्या ट्रॉलीमागं, पिवळं हेल्मेट घालून.

आज सकाळी वृषालीनं बिरदेवची बनून तयार असलेली ट्रॉली पडद्यावर चालवून बघितली. माल भरायचा हौदा वर गेला, फाळकं झुललं आणि भिमाच्या छातीतून आरपार गेलं. टक्कर दाखवत दोन्ही लाल झाली.

"आप्पा, खटका बाजूला घ्यावा लागेल. मागचं सगळं अंग नव्यानं करायचं."

"तू जेवून ये," आप्पा म्हणाले.

ती डबा खाऊन आली, तर चाचणीत लाल कुठंच नाही.

"तर फाळकं आलं बग वाऱ्यागत," आप्पा आता रंगात आले होते, "अन् भिमा, देवाशपथ, पडद्यावरच मागं सरला! वर हात करून म्हणतोय, न्हेऊ द्या आप्पा, गाडी एक नंबर झालीय!"

बिरदेवनं हात जोडले. "लई पुण्यवान माणूस. जोडतो मग ट्रॅक्टर. उद्यापासनं धाकटा भाऊच हाय हिच्यावर."

कप गोळा करणारी सरुबाई थबकली. ती भिमाची बायको. तो गेल्यावर आप्पांनीच तिला कामावर घेतलेलं.

"ताई," ती वृषालीला म्हणाली, "मला दावता का? कसं सरलं त्ये?"

"तिला काय कळतंय त्यातलं! वृषाली, बंद कर ते."

वृषालीनं पडदा सरुबाईकडं वळवला. ट्रॉलीमागं कुणीच नव्हतं. "झाकलेले भाग परत दाखवते," म्हणत वृषालीनं बटण दाबलं. पिवळं हेल्मेट उगवलं, नेहमीच्याच जागी. हौदा उचलला. फाळकं आलं, छातीतून गेलं.

सरुबाईनं हातातले कप खाली ठेवले.

"खोटं हाय, आप्पा," ती म्हणाली. "हे जाग्यावरनं हललंच न्हाईत. तुमी झाकून ठिवलं त्यास्नी."