इमूंसाठी बादली

१९५८ सालच्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातल्या लाँगरीचजवळच्या आमच्या मेंढ्यांच्या फार्मवर असा उकाडा होता की माझा धाकटा भाऊ डेस रडायलाच लागला.

"मर्ल आत्या, नाताळबाबाची गाडी ओढणारी बर्फातली हरणं इथं मरतील. मग तो येणारच नाही!"

आत्याने त्याच दुपारी पिठाच्या कागदी पिशव्या कापून चित्रांचं पुस्तक केलं. त्यात नाताळबाबाच्या गाडीला शहामृगासारखे उंच इमू पक्षी जुंपले होते.

"अगं, इमूला कुठं उडता येतं!"

"आणि हरणांना येतं वाटतं, शहाण्या?"

डेस हसला आणि इमूंसाठी अंगणात पाण्याची बादली ठेवून आला. सकाळी बादली रिकामी होती, धुळीत तीन बोटांची पावलं होती. आत्याच्या नखांत माती होती.

आत्या केव्हाच गेली. डेस आता पणजोबा झालाय, तरी दर नाताळला बादली भरतो. पुस्तक माझ्याकडे आहे. ते पतवंडांना वाचून दाखवते, तेव्हा आत्याचे उपकार आठवतात.