कोरडा पुठ्ठा

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात क्लबच्या स्टॉलवर सात गाड्या उभ्या होत्या आणि सेक्रेटरीचा पाय काही एका जागी ठरत नव्हता. फलक सरळ कर, दोरी ताण, लोकांच्या बोटांचे ठसे पूस, सकाळपासून हेच. गळणारं तेल टिपायला त्याने प्रत्येक गाडीखाली पुठ्ठा सरकवला होता. सहा पुठ्ठे दुपारपर्यंत काळे झाले. सातवा, वारलेल्या दादाच्या गाडीखालचा, कोरा करकरीत राहिला.

"याला म्हणतात निगा," येणारा-जाणारा म्हणायचा आणि सेक्रेटरीच्या कपाळावर आणखी एक आठी चढायची. दादाची गाडी गळली नाही असा एक दिवस त्याला आठवत नव्हता. चार वाजता सगळ्या गाड्या सुरू करून मैदानाला फेरी मारायची होती. पावणेचारला त्याला राहवेना. त्याने बॉनेट उघडलं, तेल मोजायची पट्टी ओढली. ठणठणीत कोरडी.

"वहिनी, हिच्यात तेल कधी घातलंत?"

"मी कशाला घालू?" खुर्चीतल्या वहिनी गोंधळल्या. "दर रविवारी तेच काहीतरी खुडबुड करायचे. आज तर ट्रकवरून आणली. भाऊजी, गॅरेजची फरशी घासून माझी कंबर गेली. त्या डागांवरून तीस वर्षं भांडले त्यांच्याशी. ते गेले आणि दोन महिन्यांत गळणं थांबलं."

त्यांनी गाडीकडे पाहिलं.

"मला वाटलं, जाता जाता तेवढं माझं ऐकलं त्यांनी."