पांढरा चेंडू खड्ड्यात

देवाशपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. शिंपीणकाकूंचा जीव पूल बघण्यात रमायचा, म्हणजे टेबलावर काठीने चेंडू ढकलायचा तो खेळ. खुर्चीत बसलं की सगळं टेबल डोळ्यांसमोर. नवऱ्याचं गोल्फ म्हणजे उन्हात पायपीट, आणि चेंडू दिसेल तर शपथ.

"एकदा तरी माझा खेळ बघायला ये गं," नवरा काकुळतीला आला. मग काकू गेल्या आणि गोल्फचा चेंडू ज्यात घालायचा असतो, त्या खड्ड्याशेजारीच स्टूल टाकून बसल्या.

नवऱ्याने लांबून पहिलाच टोला हाणला, तो चेंडू थेट खड्ड्यात. काकू ताडकन उठल्या, कारण पूलमध्ये पांढरा चेंडू खड्ड्यात गेला की चूक धरतात. कुणी यायच्या आत त्यांनी तो काढून गवतावर ठेवला.

"अहो, घाबरू नका," त्या नवऱ्याच्या कानात म्हणाल्या, "आत पडलेला कुणी पाहिला नाही."

नवरा तिथेच मटकन खाली बसला.

बरं, एवढंच मी पदरचं घातलं. बसला नव्हता, आडवाच झाला होता.