लालिमचा दशांश

मी एक शहाणी. फोर्ट्रान शिकायला लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि मला वाटायला लागलं होतं की ही इतकी जुनी संगणकभाषा सुधारायचं काम माझ्यासाठीच राहिलंय. फिलिपीन्समधल्या आमच्या बुलाकानच्या पूर-कार्यालयाचा सगळा हिशेब तिच्यातच चालतो. मला ती शिकवणाऱ्या तेम्योंग सरांनी प्रोग्रॅममधली सगळी नावं इंग्रजीत ठेवलेली. नव्या मोजपट्टीचा भाग त्यांनी मला लिहायला दिला, तेव्हा पाण्याच्या खोलीला मी सरळ आपल्या तागालोगमधलं नाव दिलं, लालिम.

सर हसले. "बरं झालं. आता नदीलाही वाचता येईल."

वादळाच्या दिवशी दुपारी दोनला माझ्या प्रोग्रॅमने खोली सतरा मीटर दाखवली. धोक्याची खूण साडेसतराची. नदीकाठच्या पुलो वस्तीची माणसं सकाळपासून उंचावरच्या शाळेत येऊन बसली होती. वस्तीचे प्रमुख कॅप्टन बेर्टो यांना मी ऐटीत फोन केला, "धोका नाही." माणसं घरी परतली.

तीनलाही सतराच. पाऊस तर थांबला नव्हता. घाटावर बसून पट्टी वाचणाऱ्या नेनिताला मी वायरलेसवर गाठलं.

"पट्टीवर किती दिसतंय?"

"सतरा पॉइंट आठ, ताई. दोनलाच पॉइंट सहा होतं. तुमच्याकडे दिसत नाही का?"

सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "लालिम कुठल्या अक्षराने सुरू होतं?"

"एल."

"आय ते एन. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुला."

सांगितलं होतं. वहीत लिहूनही घेतलं होतं. वेगळं काही बजावलं नाही, तर या सहा अक्षरांनी सुरू होणारं नाव फोर्ट्रान पूर्ण संख्येचं मानते आणि दशांश गुपचूप गिळते. सरांच्या इंग्रजी नावाचं पहिलं अक्षर डी, त्यांना ते कधी नडलंच नव्हतं.

मी फोन उचलला. सरांनी हात पुढे केला. "दे इकडे. यंत्र बिघडलं होतं म्हणतो."

"मग ते यंत्र दुरुस्त व्हायची वाट बघत बसतील, सर."

मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती.

"कॅप्टन, मी ऑफिसातली लिगाया. मघाचा आकडा चुकला. यंत्र ठीक आहे, चूक माझी आहे. पाणी खुणेच्या वर गेलंय. सगळ्यांना बाहेर काढा."

"तासाभरापूर्वी तूच म्हणालीस ना, धोका नाही?"

"मीच म्हणाले. खोटं निघालं ते."

पलीकडे कुणीतरी कोंबड्या हाकत होतं. मग फोन बंद झाला.

चार वाजून दहा मिनिटांनी पुलोत पाणी शिरलं. आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो होतो. सरांनी माझ्यापुढे कॉफी ठेवली, मला ती घेववेना. साडेचारला फोन वाजला.

"सगळे वर आलेत," कॅप्टन म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "माझी आई तेवढी हलायला तयार नव्हती. खांद्यावर टाकून आणावी लागली."

"का हो, कॅप्टन?"

"म्हणत होती, ऑफिसातल्या पोरीने सांगितलंय, धोका नाही. ती शिकलेली आहे, ती कशाला खोटं बोलेल."