कोऱ्या मशीनवरची परीक्षा

काकांनी ‘काल’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत पुन्हा टाइप केला. काळ्या पडद्यावर पुन्हा तेच उत्तर उमटलं: अशी कमांड नाही.

जुन्या कार्यालयात हाच शब्द दिला की आदल्या दिवशीच्या पाणीमीटरच्या सगळ्या फाइली समोर यायच्या. ते कार्यालय बंद पडलं. आता नव्या नोकरीसाठी इथे प्रात्यक्षिक परीक्षा, उमेदवार दोन आणि जागा एक. कालच्या फाइली वेगळ्या काढायच्या, एवढंच काम.

गुडघा आपोआप हलायला लागला. काकांनी तो हाताने दाबला, तर हातच हलायला लागला.

“काका, टेबल हादरतंय,” शेजारची मुलगी कुजबुजली. “भूकंप तुमच्याकडूनच येतोय ना?”

“आवरतो गं बाई.”

आणि एकदम लक्षात आलं. ‘काल’ ही मशीनची कमांड नव्हतीच! त्यांनीच कधीतरी आपल्या खात्यातल्या एका फाइलीत लिहून ठेवलं होतं, की मी ‘काल’ म्हटलं की अमुक लांबलचक कमांड समज. पडद्यावरची ही काळी खिडकी उघडली की शेल, म्हणजे आपलं टाइप केलेलं ऐकणारा प्रोग्रॅम, आधी ती फाइल गुपचूप वाचून घ्यायचा. हे मशीन कोरं. याला काकांच्या सवयी कोण सांगणार?

खरी अडचण पुढेच होती. ती लांबलचक कमांड आठवेचना. इतकी वर्षं एका शब्दावर भागलं होतं.

त्यांनी मदतीची पानं उघडली. एक पर्याय लावून पाहिला, फसला. दुसरा लावला, तर आठवडाभराच्या फाइली आल्या. परीक्षक बाई पेन टकटकवत मागून गेल्या, परत आल्या. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. हव्या त्या फाइली अखेर पडद्यावर आल्या, तेव्हा शेजारची खुर्ची केव्हाच रिकामी झाली होती.

बाहेरच्या बाकावर मुलगी नखं खात बसली होती.

“काका, तुम्हाला खिडकी उघडताना वाचली जाते ती सुरुवातीची फाइल माहितीये? मी घरी तिच्यात एक ओळ घातली. काही उपयोग नाही!”

“ओळ घातलीस आणि त्याच खिडकीत करून पाहिलंस?”

“हो.”

काका दिवसभरात पहिल्यांदा हसले. “अगं, त्या खिडकीने उघडतानाच फाइल वाचली. तू नंतर लिहिलंस, ते तिला कसं कळणार? नवी खिडकी उघड, ती नव्याने वाचेल.”

“एवढंच? मी मशीनला शिव्या घातल्या हो!”

“सगळेच घालतात. नवी उघडायची नसेल तर...”

दार उघडलं. परीक्षक बाईंनी मुलीकडे पाहिलं. “कागदपत्रं घेऊन आत या.” मग काकांकडे वळून, “तुम्ही निघालात तरी चालेल.”

मुलगी उठली, पण पाय उचलेना. “काका... नसेल उघडायची तर?”

“तर ‘सोर्स’ लिहायचं आणि पुढे त्या फाइलीचं नाव. म्हणजे तीच खिडकी ती फाइल तिथल्या तिथे पुन्हा वाचते. जा आता, त्यांना ताटकळत ठेवू नकोस.”

ती कागदपत्रं काढून घेऊन धावत आत गेली. घाईत तिची पिशवी बाकावरच राहिली, तोंड उघडं, पाकीट वर आलेलं. काकांनी पाकीट आत ढकललं, पिशवीचे बंद बांधले आणि ती मांडीवर घेऊन, मुलगी बाहेर येईपर्यंत ते तिथेच बसून राहिले.