एब्रिमाच्या कामाच्या वह्या

मेलेल्यांचं मला काही वाटत नाही. माझ्या कारखान्यात भिंतभर फळ्यांवर चारशेच्या वर लाकडी पाय मांडलेत. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाचा साचा, वर शाईनं नाव. वाकडे, आखूड, बोटं गेलेले, सगळे. निम्मे मालक केव्हाच मातीत गेले. त्यांच्यामध्ये बसून मी तेहेतीस वर्षं अधू पायांचे बूट शिवतेय, आणि एकानंही मला कधी त्रास दिलेला नाही. मला झपाटलंय ते जिवंत माणसानं, एब्रिमानं. तो तिकडे गांबियात धडधाकट आहे, आणि इथे सकाळी साडेसातला मागच्या मेजावर त्याची हातोडी वाजते. तळव्यावर तीन ठोके, थोडं थांबायचं, मग एक. असं ठोकायची सवय फक्त त्याला होती. मी मान वळवत नाही, कारण वळवली की ते थांबतं.

गावात माझ्याबद्दल म्हणतात, गेझीने टिआर्क्स या बाईला म्हातारचळ लागलाय. म्हणेनात का.

एब्रिमाला आणलं ओम्मो हार्म्सनं. ओम्मो आमच्या धंदेशिक्षणाच्या शाळेत मास्तर. परदेशातून आलेल्या पोरापोरींना वर्षभर जर्मन शिकवायचं आणि मग कुठल्यातरी कारखान्यात उमेदवारीला चिकटवायचं, हा त्याचा उद्योग. स्थळं घेऊन फिरावं तसा तो दारोदार फिरायचा. माझ्याकडे आला तेव्हा पहिला कप संपायच्या आत विषयावर आला.

"पोरगा एकोणीस वर्षांचा आहे. बोलायला लाजतो, पण हात बघ त्याचा. आणि तुझ्याकडे चार वर्षांत एक उमेदवार टिकलेला नाही."

"टिकत नाहीत, कारण सगळे कामचुकार."

"टिकत नाहीत, कारण तुझी जीभ तुझ्या रापीपेक्षा धारदार आहे," ओम्मो म्हणाला. मग त्यानं कप खाली ठेवला. "एक मात्र नीट ऐक. त्याचा आश्रयाचा अर्ज फेटाळलाय. उमेदवारी चालू आहे तोवर त्याला कोणी हलवणार नाही. तीन-साडेतीन वर्षं पुरी करून परीक्षा पास झाला की राहायचा परवाना मिळेल. उमेदवारी मोडली तर सहा महिन्यांत दुसरा मालक शोधायचा, नाहीतर विमानात बसायचं."

"म्हणजे माझ्या गळ्यात धोंडा."

"धोंडा नव्हे गं, माणूस," तो म्हणाला.

एब्रिमा आला आणि खरं सांगते, असा हात मी पाहिलेला नव्हता. आरी धरायला लोकांना वर्ष लागतं, यानं दोन महिन्यांत टाका असा सरळ घातला की मलाच वैताग आला. बोलायचा नाही. मी बोलायची, म्हणजे ओरडायची. कातडं वाया घालवलंस, दिवा चालू ठेवलास, नुसता बघतोस काय. तो मान हलवायचा आणि कामाला लागायचा. अकराला चहा. त्याला तीन कप घ्यायलाही शिकवलं, दोनवर थांबणं आमच्याकडे अपमान धरतात.

शुक्रवारी तिसऱ्या कपाच्या वेळी तो वही पुढे करायचा. उमेदवारानं आठवडाभर रोज काय काम केलं ते त्या वहीत लिहायचं आणि मालकानं खाली सही करायची, असा इथला नियम. वह्या पुऱ्या नसतील तर शेवटच्या परीक्षेला बसू देत नाहीत. डाव्या हातात कप, उजव्या हातानं सही, तारीख, शिक्का. वाचायचं कशाला? काम तर माझ्या डोळ्यांसमोरच झालेलं. माझ्या उस्तादानं माझी वही वाचली नव्हती, त्याच्या उस्तादानं त्याची. आमच्या गावातल्या कुठल्याही मालकाला विचारा, खरं बोलणारा असेल तर हेच सांगेल.

चौदा महिने असे गेले. नोव्हेंबरातल्या एका सोमवारी तो आला नाही. मंगळवारीही नाही. फोन बंद. ओनकेनबाईंचे बूट अर्धे पडलेले, आणि ती म्हातारी पाय सुजलेला घेऊन रोज दारात उभी. बुधवारी संध्याकाळी माझं डोकं फिरलं. मी दोन पत्रं लिहिली. एक त्याला, उद्यापासून येऊ नकोस. दुसरं परदेशी लोकांच्या कचेरीला, की उमेदवारी मोडली. हे कळवणं मालकावर बंधनकारक आहे, त्यासाठी दोन आठवडे मिळतात. मी दोन तासही लावले नाहीत. कागद वेळेच्या आधी गेला की आम्हाला फार बरं वाटतं.

गुरुवारी साडेसातला तो दारात हजर. पाठीवर पिशवी, डोळे लाल. "बाई, वही..." एवढंच म्हणाला.

"वही गेली खड्ड्यात," मी म्हटलं. "आणि तू पण." आणि दार लावलं.

ओम्मो त्याला म्हणाला होता, आपण याविरुद्ध तक्रार करू. पोरगा म्हणाला, बाईंशी भांडायचं नाही. त्या सहा महिन्यांत दोन कारखान्यांतून मला फोन आले, पोरगा कसा आहे म्हणून. मी खोटं बोलत नाही. म्हटलं, हात चांगला आहे, पण न सांगता गायब होतो. आमच्याकडे एवढं पुरतं. जूनमध्ये त्याला विमानात बसवलं.

ऑगस्टमध्ये ओम्मो वह्या न्यायला आला. चौदा महिन्यांच्या कामाचा दाखला करून त्याला पाठवायचा होता, तिकडे कुठे उपयोगी पडला तर. मास्तरच तो, पेन्सिल काढून चुका सुधारत शेवटच्या पानापर्यंत गेला. तिथे पेन्सिल थांबली.

"गेझीने, हे तू वाचलं होतंस?"

त्यानं वही माझ्यापुढे सरकवली. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं, सुटं सुटं. 'शुक्रवार. ओनकेनबाईंच्या बुटांना अस्तर लावले. कचेरीने पासपोर्ट मागितला आहे. सोमवार ते बुधवार मला बर्लिनला आमच्या वकिलातीत जावे लागेल. बाई, चालेल का? चालत असेल तर सही करा.'

खाली सही होती, तारीख होती आणि शिक्काही.

"मीच त्याला सांगितलं होतं," ओम्मो म्हणाला. "तोंडानं अडखळतोस तर लिहून विचार. वही ती दर शुक्रवारी बघते, असं म्हणालो होतो मी."

चहा अर्धा टाकून तो निघून गेला. मी दुकानाचं दार लावून पहिल्या पानापासून वाचायला बसले. 'मला भीती वाटते तेव्हा मी टाके मोजतो.' सही. 'आज बाई हसल्या. कारण माहीत नाही.' सही. 'मंगळवार. आई वारली. चार जोड्यांचे तळवे घासले.' सही. मला माझ्याच हाताची किळस आली. त्या दिवसापासून मागच्या मेजावर ठोके ऐकू येतात.

कचेरीत गेले. तिथली बाई सभ्यपणे म्हणाली, "उमेदवारी मोडल्याचं तुम्हीच कळवलंय. आता त्याला काही वर्षं परत येता येणार नाही." मी आरडाओरडा केला. तिनं मला पाणी आणून दिलं.

मग ओम्मोकडून नंबर घेतला आणि एका रविवारी दुपारी फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. पण त्यानंच आधी विचारलं, "बाई, तुमची पाठ कशी आहे?" आणि माझा कागद राहिला बाजूला.

"एब्रिमा, माझं चुकलं," मी म्हटलं. "फार चुकलं."

"बाई, मला एकच विचारायचं होतं." त्याचं जर्मन पूर्वीपेक्षा चांगलं झालं होतं, कुणास ठाऊक कुणाशी बोलून. "तुम्हाला माझं सगळं माहीत होतं. आई गेल्याचं मी लिहिलं, तर त्या शुक्रवारी सही केलीत, मग दोन वाजताच दुकान बंद केलंत आणि म्हणालात, घरी जा. बाकी एक शब्द बोलला नाहीत. मी खोलीवर जाऊन पोटभर रडलो. सगळ्यांना सांगितलं, आमच्या बाई ओरडतात, पण मनानं चांगल्या आहेत. मग ते पत्र का पाठवलंत?"

मला तो शुक्रवार चांगला आठवत होता. हो, माहीत होतं असं म्हटलं असतं, तर जाणूनबुजून त्याला हाकलल्यासारखं झालं असतं. नाही म्हटलं, तर ती एक दुपारही त्याच्याकडून काढून घेणार होते मी. आयुष्यात पहिल्यांदा मला खोटं बोलावंसं वाटलं, आणि जमेना.

"मी ते वाचलंच नव्हतं, एब्रिमा."

"शेवटचं?"

"कुठलंच."

पलीकडे कुणीतरी लहान मूल त्याला हाक मारत होतं. त्यानं त्याला काहीतरी सांगितलं, मूल गप्प झालं.

"आईचंही नाही?"

"नाही."

"मग त्या दिवशी दोन वाजता दुकान का बंद केलंत, बाई?"

"माझी दाढ दुखत होती," मी म्हटलं.